कुत्र्याचा चतकोर

चतकोर हा शब्द आतां कित्येक मुलांना फोड करून सांगावा लागतो. भाकरीचे चार सारखे भाग केले, कीं त्यांतील एक भाग तो चतकोर. आमच्या पिढीनें अपूर्णांकांचें गणित फळ्यावर पाहण्यापूर्वीं चुलीशेजारीं बसून शिकून घेतलें, तें ह्या चतकोरामुळें. मात्र त्या गणितांत एक न सुटणारें कोडें असे. घरांतील माणसें मोजून भाकऱ्या थापल्या जात, सगळ्यांचीं पोटें भरत, आणि तरीहि दुरडींत शेवटीं एक चतकोर उरलेला असे. पुष्कळ दिवसांनीं उमगलें, कीं तो उरत नसे. तो उरविला जात असे. दाराशीं बसलेल्या कुत्र्याचा तो वांटा होता, आणि डब्यांत पीठ कितीहि कमी असलें तरी त्या वांट्याला हात लावण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

शिरूर आणि दौंड ह्या दोन तालुक्यांत हिंडणाऱ्यास ह्या रिवाजाच्या खुणा अजूनहि सांपडतात. घोड आणि भीमा ह्या नद्यांच्या कांठचा हा मुलूख आतां उंसानें हिरवा दिसतो, आणि दौंडच्या बाजूस गुऱ्हाळांचा गोड धूर रस्त्यावर येतो. परंतु मूळचा हा बाजरीचा व ज्वारीचा प्रदेश. येथलें कुत्रेंहि बाजरी-ज्वारीवरच वाढलें. मेंढ्यांचा कळप घेऊन निघालेला धनगर रात्रीं मुक्कामाला तीन दगडांची चूल मांडतो, तेव्हां त्याच्या कुत्र्यापुढें पडते ती भाकरीच. कुत्रा हा मांसाहारी प्राणी, मग तो भाकरीवर कसा जगतो, अशी शंका वर्गांतील एखादा हुशार विद्यार्थी काढील. तिचें उत्तर २०१३ सालीं स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनीं दिलें. धान्यांतील पिष्ट पचविणारा जो स्राव स्वादुपिंडांतून येतो, त्याच्या जनुकाच्या लांडग्यांत बहुधा दोनच प्रती असतात. कुत्र्यांत मात्र चारपासून तीसपर्यंत आढळल्या. म्हणजे माणूस शेती करून धान्य खाऊं लागला आणि त्याच्या दाराशीं बसलेल्या प्राण्याचें शरीर पिढ्यान् पिढ्या त्या धान्याला सरावत गेलें. आमच्या आज्या-पणज्यांनीं टाकलेला चतकोर त्याच्या रक्तांत उतरला आहे, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

धर्मानेंहि ह्या घांसाची दखल घेतली आहे. वैश्वदेवांत गाईचा, कावळ्याचा तसा श्वानाचाहि बलि सांगितला आहे. जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा असतोच, आणि चंपाषष्ठीच्या दिवशीं तळी भरल्यावर नैवेद्यांतला भाग कुत्र्याला घालण्याची चाल आपल्याकडील अनेक घरांत आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायांतील ती कनानी बाई आपल्या शाळेंतील मुलांना ठाऊक आहेच. आपल्या आजारी मुलीसाठीं ती येशूशीं जो नम्र वाद घालते, त्यांत तिच्या मदतीला धांवून येतात ते मेजाखालीं पडलेल्या चुऱ्यावर जगणारे कुत्रेच. तेथें मूळ ग्रीक भाषेंत जो शब्द आहे तो उकिरड्यावर भटकणाऱ्या कुत्र्याचा नसून घरांतल्या लहान कुत्र्याचा आहे. मला ही गोष्ट नेहमीं फार सूचक वाटत आली आहे. मेजाखालीं हक्कानें बसणारा प्राणी म्हणजे घरचाच.

इतकी प्रस्तावना करण्याचें कारण आमचा मोती.

माझी आई शिरूरला, जुन्या माणसांच्या तोंडीं असलेल्या घोडनदीला, एकटी राहते. मी नोकरीनिमित्त दौंडला असतों आणि शनिवारीं न्हावऱ्यावरून शिरूरला जातों. आईला एकटी म्हणणें तसें खरें नाहीं, कारण गेलीं अकरा वर्षें मोती तिच्याजवळ आहे. जातिवंत वगैरे तो मुळींच नाहीं. बदामी रंग, एक कान उभा, एक पडलेला, वजन अठरा किलो. आई देवळांत गेली कीं तो पायरीशीं बसतो आणि ती बाजारांत गेली कीं पिशवीच्या बाजूनें चालतो. साऱ्या आळीचा तो लाडका, आणि ह्या लाडांतच संकटाचें बीज होतें.

गेल्या दिवाळींत आळींतील प्रत्येक घरानें त्याला आपापल्या फराळाचा मान दिला. कोणी करंजी दिली, कोणी तुपांतले शंकरपाळे, कोणी चिवड्यांतले खोबऱ्याचे काप वेंचून दिले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं मोती उठेना. पाठीला बाक आणून, पोट आंत ओढून तो कोपऱ्यांत उभा राही, पाणी पीई आणि लगेच ओकून टाकी. पशुवैद्यांनीं तपासून सांगितलें, कीं स्वादुपिंडाला सूज आली आहे. तुपकट-तेलकट अन्नाचा एकदम भडिमार झाला म्हणजे कुत्र्यांत, विशेषतः वयस्क व स्थूल कुत्र्यांत, असें होऊं शकतें. चार दिवस सलाईन लागलें. त्या चार दिवसांत आईनें स्वतः काय खाल्लें तें मीं विचारलें नाहीं, कारण चूल थंड होती. पांचव्या दिवशीं मोतीनें भाताची पेज चाटली. घरीं पाठवितांना पशुवैद्यांनीं बजावलें, कीं ह्यापुढें तूप, लोणी, साय, तळलेलें आणि मटणाची चरबी जन्मभर बंद. दुखणें उलटलें तर ह्या वयांत तो वांचेलच अशी हमी देतां येणार नाहीं.

आईनें सर्व ऐकून घेतलें आणि घरीं आल्यावर मला म्हणाली, "अरे, नामदेवाच्या ताटांतली पोळी कुत्र्यानें पळविली, तर कोरडी खाऊं नको म्हणून तो तुपाची वाटी घेऊन मागें धांवला. आणि तुझा डॉक्टर म्हणतो तूप बंद! मग संतांना कळत नव्हतें म्हणायचें का?"

ह्या प्रश्नाला चटकन् उत्तर देणें सोपें नव्हतें, आणि हंसून तो उडवून लावणें तर मला मुळींच प्रशस्त वाटलें नाहीं. नामदेवांची ती कथा आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली आहे. त्या कथेंत तूप म्हणजे जवळ असलेली उत्तमांतील उत्तम वस्तु. जी आपण देवाला देतों तीच कुत्र्याला द्यावी, उष्टें-खरकटें नव्हे, हें तिचें मर्म. आईची अडचण तुपापुरती नव्हतीच. सणासुदीला घरांत गोडधोड होणार, माणसें जेवणार, आणि मोतीनें दाराशीं बसून नुसता वास घ्यायचा. सणाचा घांस त्याला नाहीं, हें तिला सोसत नव्हतें. "त्याच्या तोंडचा घांस मी काढून घेऊं कशी?" असें ती दोनदां म्हणाली. एकदां मला आणि एकदां स्वतःशीं. मीं एवढेंच म्हटलें, कीं नामदेवानें तूप नेलें तें कुत्र्याला कोरडी पोळी लागेल म्हणून. मोतीला तूप लागतें असें त्याला कळलें असतें तर तो वाटी घरीं ठेवून पाणी घेऊन धांवला असता. आई कांहीं बोलली नाहीं. पण तिनें मोतीसाठीं वेगळें काय करतां येईल, असें विचारलें, तेव्हां अर्धी लढाई जिंकल्यासारखें वाटलें.

प्रथम बाजारांतील तयार बिस्किटांचा विचार केला. कुत्र्याचें बिस्किट ही वस्तु मुळांत विलायतेची. जेम्स स्प्रॅट नांवाचा एक अमेरिकन गृहस्थ १८६० च्या सुमारास लंडनला गेला होता. तेथें गोदीवर जहाजांतून टाकून दिलेलीं खलाशांचीं कडक बिस्किटें कुत्रीं आवडीनें खातांना त्यानें पाहिलीं, आणि त्यावरून गहूं, भाज्या व मांस यांचीं खास कुत्र्यांसाठीं बिस्किटें काढून त्यानें मोठा व्यापार उभा केला. म्हणजे तेथेंहि आरंभ माणसाच्या उष्ट्यापासूनच झाला! आज आपल्या शहरांतहि तसे पुडे मिळतात. कांहीं चांगले असतात, परंतु मोतीसारख्या पथ्यकऱ्याला त्यांतील स्निग्धांश किती हें वाचून घ्यावें लागतें. राहिलीं माणसांचीं ग्लुकोज बिस्किटें. दौंडच्या फलाटावर गाडीची वाट पाहणारे दयाळू प्रवासी तींच कुत्र्यांपुढें टाकतात. त्यांत मैदा, साखर आणि तेल. कुत्र्याच्या पोटाला त्यांत घेण्यासारखें फार थोडें.

तेव्हां घरींच भाजावें असें ठरलें. दौंडला माझ्या ओळखीचे एक भट्टीवाले आहेत. दिवाळीपूर्वीं घरचा रवा, साखर, तूप घेऊन बायका नानकटाई भाजून घ्यायला जशा भट्टीवर जातात, तसा मी एका दुपारीं ज्वारीचें पीठ, शिजविलेला लाल भोपळा आणि दोन अंड्यांचा पांढरा बलक घेऊन गेलों. पिंवळा बलक स्निग्ध म्हणून वगळला होता. पाव निघाल्यावर भट्टीची आंच उतरूं लागते आणि त्या उतरत्या आंचेवर टोस्ट वाळवितात. तीच वेळ मीं साधली होती. भट्टीवाल्यांनीं पिठाचा गोळा हातांत घेऊन पाहिला. "मास्तर, साखर नाहीं, मीठ नाहीं, डालडा नाहीं. हें खाणार कोण?" कुत्रा खाणार म्हटल्यावर त्यांनीं गिऱ्हाइकांच्या पावांचे पत्रे द्यायला नकार दिला, तो योग्यच होता, पण कोपऱ्यांतला एक जुना, गंजलेला पत्रा स्वतः घांसून-पुसून दिला आणि मजुरी घेतली नाहीं. आपल्या गल्लींतील काळीसाठीं मात्र चार वड्या ठेवून घेतल्या.

वड्या खमंग भाजल्या, पण शिरूरला पोंचेपर्यंत त्यांतील निम्म्यांचा चुरा झाला. ज्वारींत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळें ती बिस्किटाच्या आकारांत धरून राहत नाहीं. मोतीनें चुरा चाटूनपुसून खाल्ला. आईनें डबा उघडून एक वडी दोन बोटांत दाबली, ती मोडली, आणि आईच्या चेहऱ्यावर मला ओळखीचें हसूं दिसलें. ज्या बाईनें साठ वर्षें ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या, तिला ज्वारी कशी धरते हें कोणी शिकवावें? शिवाय तिच्या चुलीवर अंडें चढत नाहीं. तिनें पाण्याला आधण आणलें, तें पिठावर ओतलें आणि झांकून ठेवलें. कढत पाण्यानें पिठांतील पिष्ट फुगतें व चिकट होतें. भाकरीला जी तन्यता येते ती त्यामुळें. मग तिनें भोपळा कुस्करून त्यांत घातला, मळलें, बोटभर जाडीचें थापलें आणि डबीच्या झांकणानें गोल कापून तव्यावर मंद आंचेवर, वर झांकण ठेवून दोन्ही बाजूंनीं भाजलें. विस्तव ओढल्यावर तवा तसाच राहूं दिला. सकाळीं वड्या खुटखुटीत झाल्या होत्या. हातांतून पडल्या तरी मोडल्या नाहींत.

"तुझ्या त्या साहेबाच्या बिस्किटाला आपल्यांत रोडगा म्हणतात," आई म्हणाली.

आणि तें अक्षरशः खरें आहे. निखाऱ्यांत भाजलेला, टिकाऊ, जाड रोडगा हा आपल्या घरांतील फार जुना पदार्थ. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचें भरीत आणि रोडगा यांचा नैवेद्य असतो, आणि त्यांतला घांस कुत्र्याला जातो. स्प्रॅटसाहेबाच्या आधीं किती शतकें आपलें कुत्रें भाजलेला खाऊ खात होतें, याचा विचार केला म्हणजे मौज वाटते. मात्र ह्या नैवेद्यांत एक धोका दडलेला आहे आणि तो प्रत्येक घरानें ध्यानांत घ्यावा असा आहे. चातुर्मासांत वर्ज्य केलेला कांदा आणि लसूण चंपाषष्ठीला पुन्हां ताटांत येतात. भरतांत कांद्याची पात असते, लसूण असतो. हे दोन्ही पदार्थ कुत्र्याला विषासमान आहेत. त्यांतील गंधकयुक्त द्रव्यांनीं कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात आणि तें पांढरें पडत जातें. शिजविल्यानें, तळल्यानें वा वाळविल्यानें हा दोष जात नाहीं. लसूण तर कांद्याहून तीव्र. एका दिवशीं थोडेंसें पोटांत गेलें तर कदाचित् कांहीं दिसणार नाहीं, पण रोज रश्शांत कुस्करलेली भाकरी घातली तर तें सांचत जातें. कांदा पिकविणाऱ्या आपल्या तालुक्यांतील कुत्र्यांना रस्सा-भाकरीइतकें सहज मिळणारें अन्न दुसरें कोणतें? म्हणून आई आतां खंडोबाला भरीत-रोडगा दाखविते आणि मोतीसाठीं भरताचा स्पर्श न झालेला रोडगा आधींच बाजूला काढून ठेवते. नैवेद्य तोच, देव तोच. तिला हें पटायला मला एक शब्दहि बोलावा लागला नाहीं.

दुसरीं वर्ज्यें थोडक्यांत सांगतों, कारण तीं मुलांच्याच हातून अधिक दिलीं जातात. द्राक्षें आणि मनुका यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. त्यांतील टार्टारिक आम्लावर अलीकडे संशय घेतला जातो, आणि तें चिंचेंतहि असतें; तेव्हां चिंचहि नको. चॉकलेट नको. साखरेऐवजीं झायलिटॉल घातलेला च्युइंग गम तर चुकूनहि नको. त्यानें रक्तांतील साखर एकाएकीं उतरून प्राण जाऊं शकतो. शिजलेलें हाड दांतांखालीं अणकुचीदार फुटतें आणि आंतड्याला भोंक पाडतें. बुरसलेली भाकरी "कुत्र्याला चालेल" म्हणून टाकतात, तीहि चालत नाहीं. गूळ विष नव्हे, पण आमच्या दौंडकडे तो इतका मुबलक आहे, कीं कुत्रीं त्यानें फुगतात.

आतां प्रमाण. ज्यांना करून पाहावयाचें असेल त्यांच्यासाठीं आईचा हिशेब देतों. एक वाटी, म्हणजे सुमारें १०० ग्रॅम, ज्वारीचें पीठ. त्यांत अर्धी वाटी उकडून कुस्करलेला लाल भोपळा. पाणी लागेल तसें, कढत. तेल, मीठ, साखर कांहीं नाहीं. ह्याच्या वीस लहान वड्या होतात. ज्यांच्या घरीं विजेची भट्टी आहे त्यांनीं १५० अंश सेल्सिअसवर चाळीस मिनिटें भाजाव्या आणि आंतच निवूं द्याव्या. ओल राहिली तर पावसाळ्यांत दोन दिवसांत बुरशी येते, म्हणून एक वडी मोडून आंतून कोरडी झाली आहे ना, तें पाहावें. दांत पडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला ती कोमट पाण्यांत भिजवून द्यावी. ज्याचें कुत्रें धडधाकट आहे त्यानें अंडें घालावें, शिजविलेलें गाजर किंवा रताळें घालावें. बाजरीचीहि वडी चांगली होते. ज्याला एखादा विकार आहे त्यानें आधीं आपल्या पशुवैद्यांना विचारावें, कारण एकाचें पथ्य तें दुसऱ्याचें कुपथ्य.

पण खाऊ म्हणजे जेवण नव्हे. दिवसभरांत कुत्र्याला जितकी ऊर्जा लागते, तिच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक खाऊंतून जाऊं नये, असा पशुवैद्यकांतील नियम आहे. मोतीच्या वजनाच्या वृद्ध कुत्र्याला दिवसाला साडेसातशेंच्या आसपास उष्मांक पुरतात. एका वडींत अठराएक भरतात. भागाकार तुम्हीच करा. मीं आईला उत्तर सांगितलें, "रोज चार." तिनें क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "चार चतकोरांची एक भाकरी होते. बरोबर आहे." पशुवैद्यकाचा नियम तिनें ज्या आधारावर मान्य केला तो पुस्तकांत नसेल, पण तेव्हांपासून पांचवी वडी तिनें कधींहि दिलेली नाहीं. एक सकाळीं, एक तिच्या जेवणाच्या वेळीं, एक दिवेलागणीला आणि एक निजतांना.

निजतांनाची वडी हातांतूनच दिली जाते, अंगणांत ठेवली जात नाहीं, ह्याला आमच्या भागांत विशेष कारण आहे. उंसाच्या फडांतून बिबट्या वस्तीपर्यंत येतो, आणि कुत्रा ही त्याची सहज शिकार आहे. रात्रीं बाहेर अन्न मांडलें कीं कुत्रीं जमतात, आणि कुत्रीं जमलीं कीं तो पाहुणा येतो. वस्तीवर राहणाऱ्या मुलांनीं आपला कुत्रा रात्रीं आंत घ्यावा.

येथें एक गोष्ट पालकांसाठींहि लिहितों. घरच्या कुत्र्यासाठीं वड्या भाजल्या कीं मुलांचा हात रस्त्यावरील कुत्र्यांकडे वळतो, आणि तो वळावा. पण शाळेच्या फाटकाशीं किंवा जेथें लहान मुलें खेळतात तेथें अन्न टाकण्यानें कुत्र्यांत भांडणें लागतात, मुलांना चावा बसतो, आणि मग त्याच कुत्र्यांवर दगड पडतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतहि अन्न घालण्याची जागा मुलांच्या खेळण्यापासून व जाण्यायेण्याच्या वाटेपासून दूर असावी असें सांगितलें आहे. घरच्या कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षीं टोंचून घ्यावी. कोणाला चावा वा ओरखडा लागलाच तर वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. हळद-चुना लावून घरीं बसूं नये.

मोतीचें दुखणें पुन्हां उलटलें नाहीं. त्याचें वजन दीड किलोनें उतरलें आहे, आणि पडलेला कान पडलेलाच असला तरी चाल सुधारली आहे. पण आळी सुधारणें हें मोतीला सुधारण्याहून कठीण काम होतें. माणसांना कुत्र्याला कांहींतरी द्यायचें असतें. देऊं नका असें सांगितलें कीं त्यांना तो अपमान वाटतो. आईनें ह्यावर स्वतःच युक्ति काढली. ओट्यावर खिडकींत तिनें रोडग्यांच्या वड्यांचा पत्र्याचा डबा ठेवला आणि आळींतील मुलांना सांगितलें, कीं मोतीला ज्याला खाऊ द्यावासा वाटेल त्यानें ह्या डब्यांतूनच द्यावा, पण आधीं तिला विचारून. रोज त्या डब्यांत चारच वड्या असतात. त्यांवर आतां पाळ्या लागल्या आहेत. सकाळची पाळी दोघी बहिणींची, दुपारची सुट्टी असेल त्याची, दिवेलागणीची वाण्याच्या नातवाची. निजतांनाची वडी आईनें कोणाला सोडलेली नाहीं.

संक्रांतीला आळींतून तिळगूळ आला, तो आईनें मुलांना वांटला. मोतीला त्याच्या वड्या. होळीच्या दिवशीं पुरणपोळीचा वास साऱ्या घरांत दरवळत असतां मी तेथेंच होतों आणि आई काय करते तें पाहत होतों. तिनें पहिली पोळी देवाला ठेवली, दुसरी तव्यावर टाकली, मग फडताळांतून एक वडी काढून ती त्याच तव्याच्या कडेला क्षणभर ऊन केली आणि मोतीपुढें धरली. पुरणाचा कणहि तिला लागलेला नव्हता. तव्याची ऊब तेवढी सणाची होती. मोतीनें शेंपूट हलवून ती घेतली आणि उंबऱ्याबाहेर जाऊन सावकाश खाल्ली.

मागच्या शनिवारीं मी गेलों तेव्हां आई वाण्याच्या नातवाला रागें भरत होती. डब्यांत दोनच वड्या होत्या आणि मोतीनें तर सकाळपासून एकच खाल्लेली. चौकशी झाली. पोरानें खालीं मान घालून कबूल केलें, कीं एक त्यानें स्वतः खाऊन पाहिली.

"मग? कशी होती?" मीं विचारलें.

त्यानें आईकडे पाहून घेतलें आणि हलक्या आवाजांत म्हणाला, "आजी मीठ घालायला विसरली."